ती गाडी बारा देत नव्हती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तिला हे न कळताच ती गेली. मुलांना नाही. दादांना तर नाहीच, आणि खरं म्हणजे सगळ्यांत आधी त्यांनाच सांगायला हवं होतं. आता माझं वय असं झालंय की उद्यावर ढकललेलं काम राहूनच जायचं. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे माझ्यासाठी सोयीचंच आहे.

ऐकून तुम्हाला हसू येईल. गोष्ट गाडीच्या ॲव्हरेजची आहे. लिटरमागे गाडी किती पळते याबद्दल खोटं कोण बोलत नाही? शेलूबाजारच्या चौकात चहा पिणाऱ्या प्रत्येकाची मोटारसायकल सत्तर देते. जीपवाला मालकाला एक आकडा सांगतो, गिऱ्हाइकाला दुसरा. मीही तसंच एक खोटं बोललो — एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. पण थांबा, आधी गाडीबद्दल सांगू द्या. बघा, अजूनही मी गाडीच्याच आड उभा राहतोय.

ती नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. जुनीच. लांबलचक, काळी, सहा सिलिंडरची, परदेशी बनावटीची, वेगासाठीच बांधलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कंपनीचा यात दोष नाही. किन्हीराजाच्या रस्त्यावरून आमच्या गावाकडे वळलं की तिचं पोट खाली घासायचं, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. चौकातले टिंगल करायचे, "अण्णा, हिच्या मांगं एक टँकर बांधा, नाही त मंगरूळ बी यायचं नाही!" मी हसायचो. आत कुठंतरी टोचायचं.

आमचं घर एकत्र होतं. सोयाबीन, तूर, हळद, सगळा व्यवहार थोरल्या भावाच्या, दादांच्या हातात. मी पन्नाशी ओलांडलेली, आणि तरी खर्चाचं काही असलं की दादांच्या तोंडाकडे बघायचो. गाडी अंगणात उभी केली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "देते किती?"

मी म्हणालो, "बारा."

बारा आला कुठून? डॉक्टरांनी सांगितला होता. कंपनीनं नवी गाडी सपाट रस्त्यावर, एका चालीनं चालवून काढलेला तो आकडा. कंपनीच्या रस्त्यावर तो खराच असेल. पण म्हातारं झालेलं इंजिन, आमचे रस्ते आणि माझा पाय — ती सहा द्यायची. कधी पाचच. पहिल्याच आठवड्यात मला ते कळलं होतं, काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. तेव्हाच का नाही सांगितलं? दादा रागावले नसते. हसले असते, चार दिवस चिडवलं असतं. तेवढंही मला नको होतं.

गाडीवर जानराव ड्रायव्हर होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आधी काळी-पिवळी जीप चालवायचा. हात हलका होता त्याचा. पण तो काही साधू नव्हता. मंगरूळपीरहून रिकामा येताना दर्ग्याजवळची दोन-चार माणसं गाडीत घालायचा आणि चहापाण्याचे पैसे घ्यायचा. एकदा मी पकडलं, तर म्हणाला, "अण्णा, गाडी खालीच येऊन राह्यली होती ना?" मी सोडून दिलं. हे मुद्दाम लिहितोय — कारण पुढची कितीतरी वर्षं मी याच गोष्टीच्या आधारावर झोपलो.

महिना-दोन महिन्यांत दादांच्या लक्षात आलं की गाडी फार पिते. जेवताना म्हणाले, "बारा देते म्हंतं, अन् मंग जाते कुठं सारं?" चौकातही कुणीतरी बोललं असावं. मी ताटावरच म्हणालो, चला, तुमच्यासमोर काढून दाखवतो.

असं ॲव्हरेज काढायची आमच्याकडे एक रीत आहे. टाकी तोंडापर्यंत भरायची, इतकी की गाडी दोन्ही बाजूंनी धरून हलवायची, आतली हवा बुडबुड करत बाहेर आली की आणखी घालायचं. मग फिरून यायचं, त्याच पंपावर तशीच तोंडापर्यंत भरायची. जेवढं लागलं तेवढं प्यायली. सरळ हिशेब. दादा, चौकातले दोघे जण, जानराव, सगळे पंपावर होते. जानरावनं आणि मी गाडी हलवून हलवून भरली. जवळच्याच मालेगावपर्यंत मी स्वतः चालवली — एसी बंद, काचा वर, उतारावर गियर काढून, मागचे ट्रकवाले हॉर्न मारताहेत तरी सायकलच्या चालीनं. जानराव शेजारी बसला होता.

परत आलो. पंपावरच्या पोरानं नळी लावली. पहिल्यांदा ती आपोआप बंद पडली, खट्ट झालं, आणि मी म्हणालो, "बस." झाकण लावलं. गाडी हलवली नाही. वर आणखी किती मावलं असतं, मला माहीत होतं. दादा तेव्हा सावलीत उभे राहून कुणाशी बोलत होते. जानरावनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

भागाकार झाला. बाराहून थोडं जास्तच आलं. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चौकातल्या दोघांनी त्या दिवशी चहा पाजला. त्या चहाची चव अजून तोंडात आहे म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल का?

तिथं संपलं असतं. पण मी पहाटे गाडी काढत राहिलो. दादा वावरात गेले की मी पेपर आणायला म्हणून निघायचो. किन्हीराजाच्या पुढं रस्ता मोकळा लागतो. तिथं पाय दाबला की बोनेटखालून एक आवाज यायचा — कसं सांगू? घरात मला न विचारता सगळं ठरायचं, आणि तिथं, तेवढ्या पट्ट्यात, माझ्या एका पायावर एवढं मोठं जनावर झेप घ्यायचं. मी परत यायचो, गाडी जागेवर लावायचो. दिवसभर ती जानरावच्या ताब्यात असायची. आणि गाडी बारा देते, हे तर चार माणसांसमोर सिद्धच झालं होतं.

मग कमी पडणारं पेट्रोल कुठं जात होतं? तुम्हीच सांगा, दादांच्या जागी तुम्ही काय समजला असता?

एक दिवस त्यांनी डिकी उघडली. स्टेपनीखाली प्लास्टिकची नळी सापडली, हात-दीड हात लांब. ती मी ठेवली होती. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागलं तर काढायला. मी पायरीवर बसलो होतो. मजूर अंगणात होते, बाया दारात आल्या होत्या. दादांनी नळी उंच धरली.

"काहून बे जानराव, पेट्रोल गाडी पेते का तू पेऊन राह्यला?"

जानराव आधी हसलाच. त्याला थट्टा वाटली. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्याचा आवाज चढला. "दादा, मायची आन, थे नळी माही नोहे! गाडीच पेते. अण्णाले इचारा! त्या दिवशी वापस आल्यावर टाकी तोंडालोक भरलीच नाही, पयले भरली तशी. म्या पाह्यलं ना! सांगा ना अण्णा तुमी!"

सगळे माझ्याकडे वळले. मी बोललो असतो तर काय झालं असतं — चारचौघांत पंधरा मिनिटं लाज. बस, तेवढीच. एवढा हिशेब मला त्या क्षणीही समजत होता. गोंधळलो होतो, घाबरलो होतो, असं मी म्हणणार नाही. मी नीट विचार केला. आणि म्हणालो, "भरली होती."

नळीबद्दल मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

चावी जानरावनं माझ्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको शांता आली. दाराबाहेरच उभी राहून तिनं आत हाक दिली. म्हणाली, "अण्णा, तुमी त संगच होते ना?" मी आतून सांगून पाठवलं, घरी नाहीत म्हणून. ती माझा आवाज ऐकत उभी होती.

शेलूबाजार किती मोठं? संध्याकाळपर्यंत सगळं चौकात पोचलं. पेट्रोल चोरणाऱ्याला गाडी कोण देईल? एकाही जीपवाल्यानं त्याला पुन्हा स्टेअरिंगवर बसवलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर तो आणि शांता ऊसतोडीला गेले, तिकडे पश्चिमेला. चाळिशीत पहिल्यांदा कोयता धरलेला माणूस. तीन-चार हंगाम गेले असतील. परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकायची बंद झाली होती. पुढं स्टँडजवळ पंक्चर काढायला बसला, तिथंच आहे.

आणि त्याला नाव पडलं. नळी. नळी जानराव. आधी पाठीमागं, मग तोंडावर. पोरगा शाळेत गेला तर नळीचा. आता नातू आहे, तोही नळीचाच. गावात चार जानराव आहेत, म्हणून सोयीसाठी म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. नवी पोरं तर समजतात, पंक्चरच्या धंद्यावरून पडलं असेल.

गाडी मी पुढच्याच वर्षी विकली. घेणाऱ्यानं विचारलं, किती देते? मी म्हणालो, सहा. परक्या माणसाला मी पहिल्याच फटक्यात खरं सांगितलं.

दादा असेपर्यंत मी म्हणायचो, त्यांच्यामागं सांगू, त्यांना या वयात कशाला त्रास. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. मग म्हणालो, आता सांगून दादांच्या नावाला कशाला बट्टा? कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

दादांच्या तेराव्यानंतर एक फोन आला. अनोळखी नंबर होता. पलीकडून आवाज आला, "अण्णा, मी नळी बोलून राह्यलो. दादाचं समजलं. लय वाईट झालं."

तो स्वतःच म्हणाला. सहज म्हणाला, आपण आपलं नाव सांगतो तसं. आणि मी — तुम्हाला सांगताना आताही माझी मान खाली आहे — मी म्हणालो, "हो रे नळी. बोल."

त्यानं दादांची आठवण काढली. माणूस कडक होता पण पोटात काही ठेवायचा नाही, म्हणाला. तब्येतीला जपा म्हणाला. मी हो-हो करत राहिलो आणि फोन ठेवला.

जानरावनं माझ्या गाडीतलं थेंबभर पेट्रोल कधी घेतलं नाही. टाकी मी अर्धवट भरली, नळी मी ठेवली, पेट्रोल मी जाळलं, आणि त्यानं सगळ्यांसमोर मला खरं बोलायला सांगितलं तेव्हा मी खोटं बोललो. माझ्या घरापासून त्याच्या दुकानापर्यंत मोटारसायकलवर दहा मिनिटंही लागत नाहीत. मी तिथं अजून गेलेलो नाही. हवा भरायलासुद्धा दुसरीकडे जातो.