केळीच्या तराफ्यावर कानबाई

खरं सांगते, त्या वर्षी मी कानबाईशी अबोला धरला होता. देवीशी भांडणारी बाई म्हणून पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत माझी थट्टाही व्हायची, पण मी मनापासून चिडले होते. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटाच्या वळणांवर काढली, कुणाला कधी ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त होऊन जरा पाय पसरून बसायचे दिवस आले, आणि एका सकाळी हातातली बशी सुटली, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. लकवा. दवाखाना झाला, मालिश झाली, जो कोणी जो काढा सांगेल तो झाला. जीव वाचला, तर भेटायला येणारे म्हणायचे, देवीची कृपा! माझं डोकंच फिरायचं. आधी विहिरीत ढकलायचं आणि मग दोर सोडायचा, याला कृपा म्हणायचं होय? मी तोंडाची फटकळ आहेच. देव्हाऱ्यासमोर उभं राहून तिला म्हटलं, आता तुझं माझं जमायचं नाही.

पण खरा घोर त्या लुळ्या हाताचा नव्हता. ह्यांना जगण्याची गोडीच उरली नव्हती. खिडकीशी खाट टाकली होती, तरी बाहेर बघायचे नाहीत. घास पुढे केला की तोंड फिरवायचे. जड जिभेने एकच वाक्य, "मी आता नुसतं ओझं." दिवसभर माणसांची ने-आण केलेल्या माणसाला दुसऱ्याने उचलून संडासापर्यंत न्यायचं, याची लाज त्यांना आतून खात होती. औषधं मी वेळेवर देत होते, पण माणूस रोज थोडा थोडा हातातून निसटतोय हे मला कळत होतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवतात, चारी बाजूंना केळीचे खांब, आणि सगळे भाऊबंद मूळ घरी जमून रोट, म्हणजे कुळाच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, खातात. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं. आमचं मूळ घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या काठावरच्या गावात. तिथे माझे मोठे दीर नाना, आणि मोठी जाऊ, जिला सगळं गाव अक्का म्हणतं. मी फोनवर सांगून टाकलं की ह्या वर्षी आम्हाला जमणार नाही. अक्का ऐकते होय! "तुम्ही नही उनात तं मायले काय सांगू मी?" म्हणाली (माय म्हणजे कानबाई), आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याला जीप घेऊन दारात पाठवलं. मी पाय आपटत निघाले. ह्यांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले ते गाव येईपर्यंत उघडले नाहीत.

रविवारी सगळं रीतीप्रमाणे झालं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. रात्री जागरण झालं. पाऊस मात्र थांबायचं नाव घेईना. आणि सोमवारी उजाडतं न उजाडतं तोच नदीचा आवाज बदलला. वर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता. नाना आणि दोघं पुतणे बैल सोडायला आणि मोटर काढायला शेतात धावले, आणि मधल्या ओढ्याला पाणी आल्यामुळे तिकडेच टेकाडावर अडकले. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून कोणीतरी ओरडत होतं, खालच्या गल्लीने शाळेत या, सामान टाका, माणसं आणा! आमचं घर खालच्याच गल्लीत. अक्काच्या सुनांना मी पोरांसकट पुढे पाठवलं. घरात उरलो आम्ही तिघं: खाटेवर हे, मी, आणि देवघराच्या उंच कट्ट्यावर चौरंगापुढे मांडी घालून बसलेली अक्का.

अक्का उठेना. पाणी ओट्याला लागलं तरी उठेना. तिचं म्हणणं असं की कानबाई अशी उठवता येत नाही. भाऊबंद जमले पाहिजेत, आरती झाली पाहिजे, वाजंत्री लागली पाहिजे, तेव्हा घरच्या सवाष्णीने तिला डोक्यावर घ्यायचं. आता घरात भाऊबंदांपैकी एक पुरुष, आणि तोही खाटेवर. "माय बसेल शे. तिले एकली टाकीसन कशी जाऊ मी?" मी ओरडले, हात जोडले, नाही नाही ते बोलले. गल्लीतले दोघं जण ह्यांना उचलायला आले होते. त्यांना अक्काने सांगितलं, थांबा रे, पोरं येतील आता, मग सगळेच निघू. ते बिचारे दुसऱ्या घरात म्हातारं माणूस होतं तिकडे गेले. आणि ती जी वेळ गेली, ती गेलीच. बघता बघता गल्लीत कमरेच्या वर पाणी, आणि त्याला अशी ओढ की धडधाकट माणसाचे पाय सुटावेत. असली चूक जगात दुसरं कोणी करणार नाही. पुराला थांबवून ठेवायचं, का तर देवीची आरती राहिलीये!

पाणी खाटेच्या माच्यापर्यंत आलं. मी खाटेखाली पाट रचले. मग तेही बुडाले. ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर ओढला आणि म्हणाले, "तू जा. मला असू दे." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटका झाल्यासारखं होतं काहीतरी. मी त्यांच्या उशाशी बसले आणि इतक्या महिन्यांचा अबोला मोडून मोठ्याने रडत तिला म्हटलं, बाई गं, माझं तोंड वाईट आहे, भांडणं आपण नंतर करू. आता तुला काय करायचं ते कर. माझ्या हातात काही राहिलेलं नाही.

यापुढे जे झालं ते जसंच्या तसं सांगते. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

दारातून एक तराफा आत आला. केळीचे जाडजूड खांब शेजारी शेजारी ठेवून त्यात आरपार बांबू खुपसलेले, आणि शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळ्यांनी सगळं करकचून आवळलेलं. तो ढकलत होते तीन पुरुष आणि एक बाई. डोंगरातली पावरा आदिवासी माणसं, केळीचे घड काढायच्या कामाला येतात, मळ्यातच झोपड्या बांधून राहतात. बाई तिशीतली असेल, छातीपर्यंत भिजलेली, ओठ निळे पडलेले. ती गावभर फिरून घराघरात डोकावत होती. पुरुषांनी ह्यांना गोधडीसकट उचलून तराफ्यावर ठेवलं. मग सगळे अक्काकडे बघायला लागले. अक्का चौरंगाचा पाय धरून बसलेली. तिने पुन्हा तेच चालू केलं, भाऊबंद, आरती, वाजंत्री.

त्या बाईने वाद घातला नाही. ती सरळ चौरंगापाशी गेली, कानबाईला दोन्ही हातांनी उचललं, डोक्यावर घेतलं आणि दाराकडे निघाली. जाता जाता आमच्याच अहिराणीत म्हणाली, "माय चालनी. तुम्ही बी चाला."

अक्काचं तोंड उघडं ते उघडंच. आयुष्यभर जिने कानबाईच्या रीतीत तसूभर फरक होऊ दिला नाही, ती अक्का तिच्यामागे मुकाट्याने निघाली. फक्त रोटांची टोपली तेवढी डोक्यावर घेतली. माय निघाली म्हटल्यावर मागे राहून करणार काय?

दाराबाहेर ओढ जास्त होती. त्या बाईला तराफा धरायला दोन्ही हात हवे होते. तिने कानबाई काढून ह्यांच्या मांडीवर ठेवली. "आबा, मायले धरा. सोडू नका." असं काही समजुतीने वगैरे नाही, कामावरच्या माणसाला सांगावं तसं. आणि आमचे हे, ज्यांनी इतके महिने पाण्याचा पेलासुद्धा आपणहून धरला नव्हता, त्यांनी डावा हात कानबाईभोवती घातला, लुळा हात त्या हाताने ओढून तिच्या पुढ्यात आणला आणि छातीशी घट्ट धरलं. गल्लीच्या वळणावर तराफा गरकन फिरला. तराफ्याची कड धरून चालता चालता माझी किंकाळी फुटली. ह्यांनी डोळे उघडे ठेवले होते, पाण्याकडे बघत होते, आणि जड जिभेने त्या पुरुषांना सांगत होते, "डावीकडे... डावीकडे दाबा." ड्रायव्हर तो ड्रायव्हरच! मी रडता रडता हसले. मागून तराफ्याला धरून चालणारी अक्का मात्र भिजलेल्या आवाजात आरती म्हणत होती. राहिलेली आरती तिने तशी पुरी करून घेतली.

शाळेत सगळं गाव होतं. आमच्या गावाचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडतील, पण वरच्या गल्लीतल्या बायका घरातली कोरडी लुगडी, चादरी, लेकरांचे कपडे गाठोड्याने आणून टाकत होत्या. ज्याच्याशी ज्याचं बोलणं नव्हतं तो त्याच्या म्हाताऱ्या आईला पाठीवरून आणत होता. भोंग्यावरचा पोरगा घसा बसेपर्यंत एकेका घराचं नाव घेऊन विचारत होता, आलात का, आलात का? ओली लाकडं पेटत नव्हती, खिचडीला वेळ होता. ती पावरा माणसं पुन्हा दोन खेपा करून आली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. थंडीने दात वाजत होते.

अक्काने रोटांची टोपली उघडली. आता रोटांची रीत काय, तर ते भाऊबंदांशिवाय कुणाच्या मुखात जात नाहीत. पोटची लेक लग्न होऊन सासरी गेली की तिलाही चालत नाहीत, मग परक्याची काय कथा! हे त्या बाईलाही माहीत होतं. कारण अक्काने रोट पुढे केला तशी ती मागे सरली, मान हलवली. म्हणाली, तुमच्या भाऊबंदांचे आहेत.

अक्का तिच्यासमोर जमिनीवर बसली. माझी ही जाऊ, जिने आमच्या लग्नात मानपानावरून आठवडाभर तोंड फुगवलं होतं, तिने रोटाचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडाशी धरला. "जिना डोकावर माय बसनी, ती परकी कशी व्हई? खा वं बेटा." बाईने खाल्ला. मग त्या तिन्ही पुरुषांना अक्काने आपल्या हाताने वाढलं. व्हरांड्यातली एक म्हातारी कुजबुजली काहीतरी, तर अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पदर तोंडावर घेतला. मी ह्यांच्यापुढे घास केला आणि सवयीने मनात म्हटलं, आता तोंड फिरवतील. त्यांनी कानबाई एका हाताने तशीच धरून ठेवली आणि आ केला.

दुपारून पाणी उतरायला लागलं, तेव्हा नाना आणि पुतणे चिखलाने माखून पोहोचले. येताना घर बघून आले होते. मधल्या खोलीची मागची मातीची भिंत वरच्या धाब्याच्या छतासकट खाली आली होती, नेमकी ह्यांच्या खाटेवर. मी तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून कानबाईला शाळेखालच्या पाण्यावर नेलं, आणि अक्काच्या हट्टाने ती डोक्यावर त्याच बाईने घेतली.

हा अनुभव मी सांगितला की ऐकणाऱ्या बायका हात जोडतात आणि म्हणतात, ती बाई म्हणजे कानबाईच हो, पावरीणीच्या रूपात आली. मला हे पटत नाही आणि मी तोंडावर सांगते. अहो, तिचं नाव सुरमी. तिच्या पायाला काच लागून रक्त येत होतं, आणि रोट खाताना तिला किती भूक लागली होती ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिला देवी करून टाकलं की तिचे कष्ट पुसून जातात. कानबाईने काय केलं ते कानबाई जाणे. मी फक्त एवढंच म्हणते की मी हात टेकले तेव्हा दारात सुरमी उभी होती.

ह्यांचा हात अजून तसाच आहे. पण ते सकाळी आपणहून उठवायला सांगतात, खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना शिव्या घालतात, आणि मला त्या शिव्या अभंगासारख्या गोड लागतात. मी देवीकडे हात बरा करून दे म्हणून मागायचे ते सोडलं. कोण उचलेल, कसं उचलेल, कुठल्या रीतीने उचलेल, हे आपण ठरवायचं नाही. उचलून घ्यायला आलेल्या माणसाला उचलू द्यायचं, एवढंच मला उमगलंय. अक्कालाही उमगलंय, पण ती कबूल करायची नाही.

त्या दिवशी निरोप घेताना मी सुरमीला म्हटलं, तुमच्या झोपड्यांवर जाऊन जरा आराम करा आता. तेव्हा त्या तिघांपैकी एकाने, तिच्या नवऱ्याने, सांगितलं की झोपड्या पहाटेच वाहून गेल्या, भांड्याकुंड्यांसकट. तराफा बांधायला घेतला त्याच्या आधीच. मी तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, अगं, स्वतःचं घर गेलं, आणि तशीच तू आमच्या दारोदार फिरलीस?

सुरमीला माझा प्रश्नच कळला नसावा. ती म्हणाली, "झोपडी तं गई व्हती. तुम्ही व्हतात."