खुर्ची बदल, वसू

शाहीनच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी, गॅलरीत चहा घेत बसले होते. "वसूताई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार... कप विसळून ठेवला आणि मगच रिक्षा पकडली. त्यांच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे माझा निरोप तिच्या दारापर्यंतच. पुरुषमंडळी जनाजा घेऊन गेली आणि मी तिच्या मावश्यांमध्ये भिंतीला टेकून बसून राहिले.

आमची ओळख वर्गातली, तीही भांडणातून झालेली. सार्वजनिक व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरदारांसाठी संध्याकाळची बॅच. ती महापालिकेत, मी एका खासगी कंपनीत. सरकार आणि खासगी उद्योगांनी मिळून काम कसं करावं, हे शिकवायला सरांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवून लुटुपुटीचा करार करायला लावला. मार्केट यार्डातल्या भाजीच्या कचऱ्यापासून गॅस तयार करायचा. मी कंपनी, ती महापालिका. मी म्हटलं, ठरलेला कचरा रोज मिळालाच पाहिजे. ती म्हणाली, एक दिवस जरी उचलला नाहीत तरी दंड. आवाज चढले. सर डोळे मिटून ऐकत होते. "भांडता छान," ते म्हणाले. "आता खुर्च्या बदला आणि समोरचीची बाजू मांडा. जमत नसेल तर जिना तिकडे आहे."

धुसफुसतच मी तिच्या खुर्चीत बसले. कुजक्या कोबीचे ढीग रस्त्यावर पडले तर लोक शिव्या महापालिकेलाच घालणार, कंपनीचं नावही कुणाला ठाऊक नसणार, हे बोलता बोलताच मला उमगलं. समोर शाहीन माझ्या खुर्चीत, माझ्याच तोऱ्यात मान उडवत बँकेच्या हप्त्यांची रड सांगत होती. वर्ग खो खो हसला. मला तिचा भयंकर राग आला आणि ती आवडलीही.

पदवी मिळाली, सर निवृत्त झाले, पण ही सवय सुटली नाही. पुढं शाहीन मोठ्या पदावर गेली, तेव्हा ऑफिसात हुज्जत घालणाऱ्या ठेकेदारांनाही ती म्हणायची, "अहो, आपण इकडे माझ्या जागी बसा, मी तिकडे येते." नेतृत्वावरची जाडजूड पुस्तकं आम्ही परीक्षेपुरती वाचली, मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही, तिचं हे उठणं तेवढं आठवतं. रविवारी ती माझ्या गॅलरीत यायची. दोन वेताच्या खुर्च्या, चहा आणि कशावरूनही वाद. माझ्या घरात दुसरं माणूस नाही, माझ्याशी भांडायला येणारी ती एकटीच.

तिचा आजार बळावला होता, तेव्हा अशाच एका रविवारी तिनं सांगितलं, "उपचार थांबवतेय." मी भडकलेच. डॉक्टरांकडे अजून एक औषध आहे, तू इतकी शिकलेली, असं कसं बोलतेस... वाट्टेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"खुर्ची बदल, वसू."

"हा काय वर्ग आहे?"

"बदल."

बसले. तिची शाल पाठीला लागत होती. "मला आता दवाखान्याच्या छताकडे बघत पडायचं नाही," मी सुरुवात केली. "सुईला हात पुढं करायचा कंटाळा आलाय. जेवढे दिवस आहेत ते घरच्या उशीवर जाऊ देत." बोलत गेले आणि ते सगळं बरोबर होतं, याचीच भीती वाटली. मग तिची पाळी. मला वाटलं, माझ्या खुर्चीत बसून ती डॉक्टरांचं काहीतरी सांगेल. तिनं माझा कप स्वतःपुढं ओढला. मग मान न उडवता म्हणाली, "थांबू नकोस गं. तू गेलीस तर रविवारी माझ्याकडे कोण येणार?"

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

त्याला आता काही महिने झाले, तिला जाऊन काही आठवडे. रविवारी दोन्ही खुर्च्या मी अजून समोरासमोर मांडते. परवा न राहवून मोठ्यानं विचारलं, "एवढी कसली घाई होती?" मग उठून तिच्या खुर्चीत बसले आणि तिची बाजू मांडली. चांगली मांडली, सरांनीही मान डोलावली असती. मग सवयीनं समोर पाहिलं, कारण आता माझी बाजू मांडायची पाळी शाहीनची होती.