कंडक्टरचा नीलकंठ

आमच्या शेजारच्या कंडक्टरइतके फोटो काढणारा आणि त्याच्याइतके फोटो वाया घालवणारा माणूस उभ्या नागपुरात दुसरा नसेल. त्याची सारी नोकरी उमरेडच्या एसटीवर गेली. निवृत्त झाला, पण गाडीतून काही उतरला नाही. दार ठोकतो तेही दोन टोले देऊन, गाडी सोडताना घंटी मारावी तसे. चालत्या गाडीत टेकून तिकिटं फाडायची सवय, त्यामुळे टेकायला काही नसलं की त्याचा हात थरथरतो. मुलाने मोबाइल दिल्यापासून तो माझ्या भिंतीला टेकतो, दुसऱ्याच्या स्कूटरला टेकतो. एकदा रस्त्यात उभ्या म्हशीला टेकला. म्हैस आपल्या वाटेने निघून गेली आणि फोटोत नुसतं आभाळ आलं. ते आभाळ घेऊन तो माझ्या दारात आला. "याच्यात बगळा होता, वहिनी," म्हणाला. असेल.

पाखरांशी तो प्रवाशांशी बोलावं तसं बोलतो. पाखरू फांदीआड बसलं की हा खालून ओरडतो, "थोडं पुढे सरका, पुढे सरका!" पाखरू कसलं सरकतं, ते उडून जातं. मग हा माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याला विनातिकीट पळवलं.

गेल्या वर्षी मात्र गंमत राहिली नाही. त्याच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीत ऑपरेशन झालं आणि ती पलंगावर पडली. दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. ही बाई तर तो पाहिल्याशिवाय त्या दिवशी तोंडात घास घालत नाही. लग्न झाल्यापासून दोघं सकाळी आमच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, पलीकडे पडीक वावरात जायची, पाखरू बघून यायची आणि मग जेवायची. आता तिला उठता येईना. साखरेच्या गोळ्या चालू, पोटात अन्न नसलं की तिला भोवळ येते. तरी हट्ट तोच.

कंडक्टरने आधीच आठवडाभर नीलकंठाचे फोटो जमवले. पण तो पक्षी बसला की समोरून भुरकट दिसतो, निळा रंग दिसतो तो पंख उघडल्यावर. आणि त्याने पंख उघडले की हा मोबाइल खाली करून तोंड उघडून बघत राहायचा. सगळे फोटो भुरकटच.

"हा तं होला हाय," बायको म्हणाली. "अन् फोटोतला मले चालत नाई."

"देवाचा फोटो चालते, मंग पाखराचा काहून नाई चालत वं?"

"देव उडून जात नाई."

दसऱ्याच्या सकाळी माझ्या दारावर दोन टोले पडले. "वहिनी, लवकर चाला! मागच्या वायरवर येऊन बसला हाय. पलंग फिरवाचा हाय!"

लोखंडी पलंग, त्यावर बाई. मी वाकून पायाकडून रेटत होते, तो डोक्याकडून. तोंड खिडकीकडे झालं तसा तो चौकटीला टेकला, मोबाइल धरला आणि सवयीने ओरडलाच, "पुढे सरका!"

"दिसला," बायको म्हणाली आणि तिने हात जोडले.

मी मान वर केली तेव्हा खिडकीत काही नव्हतं. मला दिसला तो पलंगाचा पाय. कंडक्टरला दिसला मोबाइल. "कुठं? कुठं दिसला?" तो बावरून विचारत राहिला.

"गेला. आना आता जेवाले."

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपलं दर्शन चुकलं. तो म्हणाला, मी नाही जेवत.

"तुमच्या वाटचा भी मीच पाह्यला. चाला, बसा," ती म्हणाली. दोघं जेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

मला अजून कळलेलं नाही. तिला खरंच दिसला, की नवऱ्याची तडफड बघवेना? की नुसती भूकच लागली होती? मी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, "खरं सांग वं." तर म्हणाली, निळा होता. पुढच्या खेपेला म्हणाली, शेपटीत थोडं हिरवं होतं. नवरा रोज संध्याकाळी विचारतो आणि ती रोज सांगते. रंग वाढत चालले आहेत. खोटं असेल तर एवढं धादांत खोटं मी ऐकलेलं नाही, आणि खरं असेल तर तसलं पाखरू मी पाहिलेलं नाही.

त्या क्षणाचा फोटो त्याने जपून ठेवला आहे. त्यात फक्त वायर आहे. त्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या सगळ्यांना त्याने तो दाखवला, अजूनही दाखवतो. परवा माझ्यासमोर धरला.

"भाऊ, याच्यात वायर हाय," मी म्हटलं.

"हो नं वहिनी. पण हालून राह्यली का नाई?"

फोटोत काही हलत नसतं, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. मी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. थोडी हलत होती.