कडूसं पडल्यावर

"अख्ख्या हॉस्टेलला रातांधळेपणा? साथ आलीय का?" नांदेडहून आमचे मोठे डॉक्टर फोनवर विचारत होते.

मी डोळे तपासणारा माणूस. गाव चाकूर, नोकरी नांदेड जिल्ह्यात. त्या दिवशी किनवटजवळ मुलींच्या निवासी शाळेत कॅम्प होता. फॉर्मवर प्रश्न होता, 'रात्री दिसते का?' एकूणएक पोरींनी 'नाही' सांगितलं. रातांधळेपणा म्हणजे उजेड कमी झाला की डोळ्यांनी काम सोडणं. मुलांत तो बहुतेकदा व्हिटॅमिन ए कमी पडल्यानं होतो. लवकर सापडला तर डोस देऊन बराही होतो. पण एखादी खरी आजारी पोर असलीच, तर ती या गठ्ठ्यात हरवली होती.

"पुन्हा तपासा. असला रिपोर्ट मी वर पाठवणार नाही," म्हणत डॉक्टरांनी फोन ठेवला.

चरफडत स्वयंपाकघरात चहाला गेलो. फॉर्मवरचा प्रश्न ऐकून स्वयंपाकीण गयाबाई हसतच सुटल्या. "सायेब, इथं रातच्याला लाईट जाते. गुडूप अंधारात मला तरी कुठं दिसून राहिलं? कडूसं पडल्यावर दिसतं का, ते इचारा."

"कडूसं म्हणजे नेमकं कधी, गयाबाई?"

"लावलेला दिवा दिसतो, पन त्याचा उजेड भुईवर पडत न्हाई. ती येळ."

माझी आई रोज हा शब्द वापरायची. नोकरीत शिरल्यापासून मी मात्र सगळ्याच अंधाराला 'रात्र' म्हणायला लागलो होतो. लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत थांबलो. कडूसं पडलं तसं गयाबाईंनी अंगणात परातभर चिंचोके उधळले. पोरी वेचायला तुटून पडल्या. सातवीतली मंगल तेवढी दारावरच्या बल्बकडे तोंड करून जागची हलेना.

"हिचं रोजचंच आहे," वॉर्डन मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी काम सांगितलं की अंग चोरते, ताटं पाडते. उद्या वडील घेऊन जाणार आहेत. मीच निरोप धाडलाय."

मी मंगलजवळ गेलो. "का गं, वेचत का न्हाईस?"

"दिसत न्हाई, सर. बल्बावरून दार कुठं हाय तेवढं कळतं."

"मग कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"सगळ्यायचंच असं असतं वाटलं. सकाळी तुम्हीच लिहून घेतलं की, कुणालाच दिसत न्हाई म्हणून."

मॅडमनी तिचा हात धरून तिला आत नेलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. "सर, एकच निघाली."

"आता कसं बोललात. डोस आजच सुरू करा."

दुसऱ्या दिवशी वडील आले, सगळं ऐकून घेतलं, चहा पिऊन एकटेच परत गेले.

तेव्हापासून मी फॉर्मवरचं 'रात्री' खोडून पेनानं 'कडूसं पडल्यावर' लिहितो. वरून अजून कुणी हरकत घेतलेली नाही. वाचत नसावेत.

महिन्याभरानं पुन्हा गेलो, मुद्दाम त्याच वेळेला. गयाबाईंनी चिंचोके उधळले. मीही वेचायला वाकलो. मंगलची ओंजळ भरली, माझ्या हातात चारच.

"सर, तुमच्या चपलेपाशी एक हाय," ती म्हणाली. "दिसत न्हाई का?"