चालू एक्सेलला हाक

तेलीबांध्याच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत मी अहवाल तयार करायचो. शेरे वर्डमध्ये लिहायचे आणि नमुन्यांच्या एक्सेलमधल्या यादीत एकेक डकवायचे. त्याचा कंटाळा आला म्हणून मी इंटरनेटवर बघून मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. बटण दाबलं की तो आधीच चालू असलेलं एक्सेल पकडणार, समोरच्या फाइलच्या दुसऱ्या रकान्यात शेरे भरणार आणि वर, माझी खास हुशारी, सेव्हही करणार. आठवडाभर तो नीट चालला. त्या आठवड्यात मी ऑफिसात ज्या ऐटीत फिरलो, ती आठवली की अजून लाज वाटते.

आमचे वरिष्ठ, त्यांना मी भाऊ म्हणायचो, भोसल्यांच्या काळी मराठी मुलखातून इथे आलेल्या घराण्यातले. निवृत्ती जवळ आलेली, म्हणून ते एक्सेलमध्ये वंशावळ उतरवत होते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव आणि हकीकत. एके दुपारी त्यांचा कॉम्प्युटर बिघडला. मी चहाला गेलेलो असताना ते माझ्या कॉम्प्युटरवर बसले, पेनड्राइव्हमधून वंशावळ उघडली आणि फोन आला म्हणून त्या फाइलची खिडकी खाली दडवून बाहेर गेले.

मी परत आलो, नमुन्यांची यादी उघडली. प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर ती नेहमी वेगळ्या, नव्या एक्सेलमध्ये उघडायचं. म्हणजे आता दोन एक्सेल चालू होती. मॅक्रोने हाक मारली तर ओ कोण देणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बटण दाबलं. यादी कोरीच. नीट दाबलं गेलं नसेल म्हणून मी आणखी दोनदा दाबलं.

भाऊ फोन संपवून आले, त्यांनी फाइलची खिडकी वर घेतली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"काहून रे, माह्या खापरपणजोबाले चुना टाका म्हणते हे?"

खापरपणजोबांपुढे लिहिलं होतं, 'आम्लधर्मी, चुन्याची गरज.' त्यांच्या धाकट्या भावापुढे, 'निचरा कमी.'

"भाऊ, हे माझ्या मॅक्रोनं..."

"मले ते नको सांगू. पहिलेचं परत आण."

मी कंट्रोल-झेड दाबलं. मॅक्रोने केलेलं कंट्रोल-झेडने फिरत नाही, हे मला तेव्हा कळलं. सेव्ह तर मीच करायला लावलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

"त्या धाकट्याचं मात्र बरोबर आहे," भाऊ शेवटी म्हणाले. "लई दारू प्यायचा म्हणतात." ते हसले, मला हसता येईना.

ती सगळी माहिती त्यांना थोरल्या बहिणीने सांगितलेली. त्या निवृत्त शिक्षिका, ब्राह्मणपाऱ्यात राहायच्या. रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेलो, गुन्हा कबूल केला. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली.

"यात बाया कुठं आहेत?"

"आधीच्या यादीत नव्हत्या, दीदी."

"भावानं गाळल्या असतील. आता तू लिही."

चार रविवार गेले. माझा मॅक्रो तीनशे ओळी डोळ्याचं पातं लवायच्या आत भरायचा. मी दोन बोटांनी टाइप करायचो आणि दीदी प्रत्येक वेलांटी तपासायच्या. एका बाईचं नाव त्यांनाही आठवेना. फक्त एवढंच ठाऊक, की ती रतनपूरहून आली होती आणि तिला पोहता यायचं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तेच लिही," त्या म्हणाल्या.