देवाजीच्या हातचं पाणी

देवाजी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मारोतरावचं नाव निघालं की माझं डोकं आजही फिरतं.

देवाजी आमचा शेजारी. सत्तर सालच्या सुमारास तो नागपुरातल्या एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर पाणी सांभाळायचा. रोज सकाळी काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे. रंग पिवळा पडला की पाणी आंबलं, मग सोडा कालवून ओतायचा. ‘पीएच’ हा शब्द तर तो नव्या जावयाचं नाव घ्यावं तसा मानाने उच्चारायचा.

कामाचा त्याला भारी तोरा होता, आणि का नसावा? कुहीकडच्या गावात त्याच्या बापाला विहिरीला हात लावू देत नसत. छप्पन साली दीक्षा घेऊन बाप नागपुरातच राहिला. आता बड्याबड्यांची पोरं देवाजीच्या हातच्या पाण्यात डुबक्या मारत होती.

मारोतराव तिथला पोहणं शिकवणारा मास्तर. त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. देवाजीचा जिवलग म्हणवायचा, त्याच्या बायकोच्या, सुमतीवहिनींच्या हातची भाकर मिटक्या मारत खायचा. देवाजीची नोकरी कच्ची होती. "तू कायम होशील गा, मी आहे ना," हे त्याचं ठरलेलं.

त्या उन्हाळ्यात क्लबने शर्यती ठेवल्या. पाहुण्यांना तळ स्वच्छ दिसावा म्हणून मारोतरावने आदल्या दिवशी जास्तीची तुरटी टाकायला लावली.

"तुरटीनं पाणी आंबते, मारोतराव. सोडा टाकाच लागते."

"सोड्यानं धुरकट दिसन. पाहुणे गेल्यावर टाक. मी आहे ना!"

नळीतलं पाणी पिवळंधमक दिसत असताना देवाजीने ऐकलं. दोस्ताचा शब्द होता.

शर्यतीला मीही गेलो होतो. तळाच्या फरशीच्या भेगासुद्धा मोजाव्यात इतकं पाणी नितळ. पण पहिल्याच शर्यतीतून पोरं डोळे चोळत, रडत बाहेर आली. शर्यती बंद पडल्या. क्लबचे चिटणीस कडाडले, "हे कोणी केलं?"

देवाजीने मारोतरावकडे पाहिलं. अगदी निर्धास्त पाहिलं, तेच मला अजून सलतं.

"मले काय माहीत, साहेब?" मारोतराव म्हणाला. "पाणी तं देवाजीच पाहते."

"मारोतराव, तुम्हीच तं..." देवाजी सांगू लागला, पण कोणी ऐकायला थांबलं नाही.

संध्याकाळी मारोतराव देवाजीच्या घरी आला. मी त्यांच्या ओट्यावरच होतो. सुमतीवहिनींनी सवयीने चहाचं आधण ठेवलं.

"राग नको धरू गा, देवाजी. कायमचं आता विसर, पण नोकरी वाचवली म्या तुही. उद्यापासून गेटवर बस. फक्त पाण्याले हात लावू नको."



"माह्या बापालेही हेच सांगत होते," देवाजी म्हणाला.

सुमतीवहिनी उठल्या आणि मारोतरावच्या देखत चहाचं आधण त्यांनी मोरीत ओतून दिलं.