एकट्या कंसाचा घोळ

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी एवढी चिडलेली का आहे. मी काही बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, "तिच्या ओळी तिचं ऐकत नाहीयेत," आणि तुम्ही तिघंही हसलात. मला हसू आलं नव्हतं. आता काम आटोपलं आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

निवृत्तीआधी मी नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होते. जमिनीचे प्लॉट पाडायचे असले की रस्ते, हद्दी, प्लॉटचे नंबर असा सगळा आराखडा आम्ही संगणकावर काढत असू. प्रत्येक प्लॉटवर नंबर आणि क्षेत्रफळ हाताने टाकण्याचा मला कंटाळा येई, म्हणून मी त्या कामासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. भाषेचं नाव लिस्प. तिच्यात सगळं कंसात लिहायचं असतं, कंसात कंस आणि त्यात आणखी कंस. स्क्रीनवर नकाशाच्या तळाशी एक अरुंद पट्टी असे, तिच्यात टाइप करून मी तो तपासत असे. मध्ये ओळ तोडली की आधीचा भाग वर सरकून दिसेनासा होई. त्यामुळे एक काम एका ओळीत, मग ती कितीही लांब होवो, अशी माझी पद्धत पडली. प्रोग्रॅम चालत होता आणि आत डोकावायची कुणाला गरज नव्हती.

आता ते ऑफिस जी सांभाळते ती माझ्याच हाताखाली तयार झाली, मूळची टेंभुर्णीची. त्या रविवारच्या आठवडाभर आधी ती जुळे सोलापुरात आमच्या घरी आली.

"मॅडम, ऑफिसातली नवीन माणसं म्हणतात हा प्रोग्रॅम टाकून देऊ. पुण्याहून तयार घेऊ."

"का? चालत नाही?"

"चालतोय की. पण रस्त्याच्या रुंदीचा आकडा बदलायचाय, तो आत कुठं आहे तेच दिसेना. एक ओळ वाचायची तर स्क्रीन सरकवून सरकवून मान धरती." तिने बशी खाली ठेवली. "सोमवारपर्यंत वाचता येईल असा करून द्या. नाहीतर माझा इलाज नाही."

त्या ऑफिसात माझ्या हातचं एवढंच उरलं आहे. मी हो म्हटलं.

हाताने ओळी तोडत बसणं मला पटत नव्हतं. तोडायच्या तर सगळ्या एकाच नियमाने. म्हणून मी लिस्पमध्येच दुसरा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याने पहिला वाचायचा, पानात न मावणारी ओळ योग्य जागी तोडायची, आणि जितके कंस उघडे असतील तितकी पुढची ओळ आत सरकवायची. म्हणजे नुसत्या समासावरून कळावं की कोण कुणाच्या पोटात आहे. ऐकायला सोपं वाटतं.

पहिल्याच फेरीत त्याने नावं आणि आकडे वेगळे केले. 'रुंदी' एका ओळीवर आणि तिचा आकडा नऊ खालच्या ओळीवर. डबे एका फळीवर आणि झाकणं दुसऱ्या फळीवर लावून ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे, माझ्या स्वयंपाकघरात असलं चालत नाही. जोड्या तोडायच्या नाहीत हे त्याला शिकवण्यात दोन दिवस गेले. मग तो ओळी इतक्या आत ढकलू लागला की उजव्या कडेला बोटभर जागा उरली आणि पुन्हा सगळं लांबच लांब. तेही सुधारलं.

आणि मग समास ढासळला. अर्ध्यापर्यंत सगळं व्यवस्थित, पुढे ओळी पायरी पायरीने डावीकडे येत थेट कडेला चिकटायच्या. मला वाटलं, जुन्या प्रोग्रॅममध्येच माझा एखादा कंस उघडायचा राहिला असेल. तो घातला. समास थोडा सावरला, पण नंबर टाकणारा प्रोग्रॅम चालायचाच बंद झाला. कंस काढला की तो चालायचा, समास पुन्हा ढासळायचा. हेच मी रविवारी करत होते.

"अहो, जेवायला माझी वाट बघू नका."

"बघितली नाही," आजोबा शेंगा सोलता सोलता म्हणाले. "माझी भाकरी खाऊन झाली. तुझी आता कडक भाकरी झाली असेल."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय."

"बाईसाहेब, कंस तुम्ही मांडलेत. मी शेंगा मांडल्यात."

मी समास ढासळणारा भाग कागदावर छापून घेतला आणि पट्टी ठेवून पेन्सिलीने समासाच्या रेघा ओढल्या. तेव्हा दिसलं की प्रत्येक पायरी एकाच ठिकाणी पडते आहे: नकाशाच्या कोपऱ्यात छापायच्या सूचीत. अ) रस्ता. ब) खुली जागा. क) नाला. ड) विहीर. आपण सगळे असंच लिहितो, अक्षरापुढे एकच कंस. शाळेत तसंच शिकलो, ऑफिसात तसंच लिहिलं. प्रोग्रॅमला मात्र ते चार बंद होणारे कंस दिसत होते, कधी न उघडलेले. छापायचा मजकूर अवतरणचिन्हांत असतो; त्यांच्या आत काय आहे त्याकडे बघायचं नाही, एवढं सांगितल्यावर सगळ्या ओळी जागच्या जागी बसल्या. एका साध्या अटीसाठी आठवडा गेला, याचा मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही.

सोमवारी ती लॅपटॉप घेऊन आली. रुंदीचा आकडा तिने चहा निवायच्या आत शोधून बदलला. "आता कसं दिसतंय बघा," म्हणाली. मग खाली सरकत सूचीपाशी थांबली.

"हे अ, ब, क, ड काय आहे?"

"सूची."

"ती आता नकाशाच्या तयार चौकटीतच छापून येती की, मॅडम. आम्ही ह्या प्रोग्रॅमची वापरतच नाही. काढू?"

"काढ," मी म्हटलं.

तिने त्या ओळी निवडल्या आणि एक कळ दाबली. खालच्या ओळी वर आल्या. समास जराही हलला नाही.

"रागावलात का?"

"चहा घे, गार होतोय."

प्रोग्रॅम ऑफिसात राहिला, पुण्याचा तयार आणला नाही. हवं होतं ते झालं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, मी अजून चिडलेलीच आहे.